पुस्तक मिटल्यावर

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून या गावाने एक शिस्त लावून घेतली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला दुसरा भोंगा झाला की पुन्हा सुरू. मधला दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. करोनाच्या काळात शाळाच मोबाइलवर भरत होती. शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातातला मोबाइल काही सुटेना, म्हणून गावाने काढलेला हा तोडगा.

भोंग्यामुळे घर शांत होतं आणि एवढं काम तो चोख करतो. पुढच्या दीड तासात दप्तर उघडून नेमकं काय करायचं, हे मात्र ज्याचं त्याला ठरवावं लागतं. आपल्याकडे अभ्यासाचा हिशेब तासांत मांडतात. ‘चार-चार तास बसतो हो, पण पेपरात काही उतरत नाही,’ असं सांगणारे आईबाप कुठल्याही पालकसभेत भेटतात. त्यांचा मुलगा खोटं बोलत नसतो. तो खरोखरच बसलेला असतो. धडा दोनदा वाचलेला असतो, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केलेल्या असतात, गाइडमधली उत्तरं सुवाच्य अक्षरात वहीत उतरलेली असतात. मेहनत खरी असते, फक्त ती भलत्याच ठिकाणी खर्ची पडते. ती कशी, हे जरा सावकाशीने पाहू.

धडा दुसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात. तिसऱ्यांदा तर पुढच्या परिच्छेदात काय आहे हेही आधीच कळतं. मुलाला वाटतं, हे आपल्याला येतंय. पण ही खात्री पुस्तक समोर उघडं असतानाची असते. पेपरात कोणी धड्यातली ओळ दाखवून ‘ही पाहिली आहेस का?’ असं विचारत नाही. तिथे कोरी उत्तरपत्रिका असते आणि सगळं आतून काढावं लागतं. समोर आलेलं ओळखणं आणि समोर नसलेलं आठवणं ही डोक्याची दोन वेगळी कामं आहेत. घरी आपण पहिल्या कामाचा सराव करतो आणि परीक्षा दुसऱ्याची देतो.

याचा एक नेटका पुरावा २००६ साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी दिला. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वाचायला उतारे दिले. काही वेळा विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काही वेळा एकदाच वाचला आणि मग तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचण्याची सरशी झाली, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. दोन दिवसांनी चित्र पालटलं. दोनदा वाचलेलं ५४ टक्के आठवत होतं, एकदा वाचून लिहून काढलेलं ६८ टक्के. आठवड्यानंतर हेच आकडे ४२ आणि ५६ झाले. म्हणजे परीक्षा पाच मिनिटांवर असेल तर खुशाल पुन्हा वाचावं. शाळेच्या दारात घंटा होईपर्यंत पुस्तकात डोकं खुपसून उभ्या असलेल्या मुलांना थोडाफार फायदा होतो तो यामुळेच, आणि दुपारपर्यंत ते सगळं विरूनही जातं ते यामुळेच.

पुढे २०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डनलॉस्की आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती घेऊन त्यांवरचं तोवरचं संशोधन तपासलं. दहांपैकी दोनच पद्धतींना त्यांनी वरचा दर्जा दिला. एक म्हणजे स्वतःची चाचणी घेणं आणि दुसरी म्हणजे अभ्यास दिवसादिवसांत विभागणं. पुन्हापुन्हा वाचणं, ओळी रंगवणं आणि सारांश काढणं या तिन्ही पद्धती तळाशी गेल्या. आपल्या मुलांचा बहुतेक वेळ याच तीन कामांत जातो.

आता हे प्रत्यक्ष कसं करायचं, ते दहावीच्या विज्ञानातला एक धडा घेऊन पाहू. भाग १ मधला ‘प्रकाशाचे अपवर्तन’. समजा, एक मुलगी तो शिकते आहे. वर्गात झालेला धडा तिने घरी एकदा, शांतपणे, हातात पेन न घेता वाचला. वीस मिनिटं गेली. आता पुस्तक मिटायचं आणि दप्तरात टाकायचं, टेबलावर उपडं ठेवायचं नाही. एक कोरा कागद घ्यायचा, जुन्या झेरॉक्सची पाठकोरी बाजूही चालेल. वर धड्याचं नाव लिहायचं आणि आठवेल ते, आठवेल त्या क्रमाने उतरवायचं. व्याख्या, आकृती, सूत्र, तुटक शब्द, सगळं चालतं. अक्षराकडे बघायचं नाही.

पहिली दोन मिनिटं पेन भराभर चालतं. विरल माध्यमातून घन माध्यमात जाताना प्रकाशकिरण स्तंभिकेकडे झुकतो, हे आलं. काचेच्या चिपेची आकृती आली. अपवर्तनाचे नियम दोन आहेत हे आठवलं, त्यातला आपाती कोनाच्या आणि अपवर्तन कोनाच्या साइनचा नियमही आठवला, दुसरा काही केल्या आठवेना. तारे का लुकलुकतात? ‘वातावरणामुळे,’ असं लिहून ती पुढे सरकली. मग ठप्प.

इथे बहुतेक मुलं पुस्तक उघडतात. उघडू नये. तीन-चार मिनिटं तसंच अडून बसावं, डोकं खाजवावं. ही मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात आणि मुलांना तीच नकोशी होतात, पण आठवण्याची धडपड याच मिनिटांत होते आणि आठवण पक्की होते ती या धडपडीमुळे. दुसरा नियम या वेळात आठवलाच नाही तरी बिघडत नाही. डोकं एकदा शोधून थकलं की उत्तर समोर आल्यावर ते जास्त घट्ट बसतं.

मग पुस्तक काढायचं आणि लाल पेनाने कागद तपासायचा. आता या मुलीला काय दिसतं ते पाहा. आकृतीत तिने आपाती कोन काचेच्या पृष्ठभागापासून मोजला आहे, खरं तर तो स्तंभिकेपासून मोजायचा असतो. धडा वाचताना ही चूक कधीच पकडली गेली नसती, कारण पुस्तकातली आकृती बरोबरच असते. दुसरा नियम लाल पेनाने लिहिला गेला: आपाती किरण, अपवर्तित किरण आणि स्तंभिका एकाच प्रतलात असतात. ताऱ्यांचं उत्तर अर्धवट होतं. हवेच्या थरांची घनता आणि तापमान सतत बदलतं, म्हणून त्यांचा अपवर्तनांक बदलत राहतो, त्यामुळे ताऱ्याची भासमान जागा आणि तेजस्विता पालटत राहते, ही मधली साखळी तिने गाळली होती. मार्क या साखळीचे असतात. आणि ग्रह का लुकलुकत नाहीत, हा प्रश्न तर कागदावर आलाच नव्हता.

हा लाल मजकूर म्हणजे उद्याचा अभ्यास. उद्या अख्खा धडा पुन्हा वाचायचा नाही. जे काळ्या पेनाने उतरलं ते येतंच. फक्त लाल जागा पाहायच्या आणि पुन्हा कोऱ्या कागदावर काढून बघायच्या. दोन पानांचा पसारा दुसऱ्या दिवशी पाच ओळींवर येतो. मुलांना या पद्धतीचं पहिल्यांदा दडपण येतं, कारण आपल्याला काय येत नाही ते ती तोंडावर सांगते. आठवडाभराने तीच मुलं म्हणतात की यात वेळ कमी जातो.

घोकंपट्टीला नावं ठेवण्याची आता पद्धतच पडली आहे, त्याबद्दल जाता जाता. जुन्या शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दिडकी म्हणून घेत. सुरात म्हणणं हा त्याचा एक भाग झाला. दुसरा भाग आपण विसरलो. मास्तर मधूनच एखाद्याकडे बोट करून ‘सात चोक?’ विचारत आणि मुलाला तिथल्या तिथे अठ्ठावीस सांगावे लागत. ही उत्तम स्वचाचणीच होती. पाठांतर वाईट नाही. रसायनशास्त्रातल्या संज्ञा, इंग्रजी शब्द, संस्कृतची रूपं पाठ असलीच पाहिजेत. फक्त ती ओळीने म्हणता येणं पुरेसं नाही, मधूनच कोणी विचारलं तर आली पाहिजेत.

आता दुसरी गोष्ट, दिवसांची वाटणी. जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस नावाच्या माणसाने स्वतःलाच प्रयोगाला बसवून अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ केल्या आणि त्या किती वेळात विसरल्या जातात हे मोजलं. १८८५ साली त्याने ते पुस्तकरूपात छापलं. विसरणं सगळ्यात वेगाने पहिल्या काही तासांत होतं आणि मग त्याचा वेग मंदावतो, हे तेव्हापासून माहीत आहे. तीच यादी एका दमात न घोकता काही दिवसांत विभागून घोकली तर एकूण कमी मेहनतीत पाठ होते, हेही त्यानेच दाखवलं.

ब्रिटनमध्ये १९७८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला याहून बोलका वाटतो. टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना कळफलक शिकवायचा होता. काहींना रोज एकच तास शिकवलं, काहींना रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका दिल्या. रोज एक तासवाले सुमारे ३५ तासांच्या सरावात अक्षरांवर पकड मिळवू शकले, रोज चार तासवाल्यांना त्यासाठी ५० च्या आसपास तास लागले. गंमत म्हणजे सगळ्यात नाराज होते ते रोज एक तासवालेच. त्यांना वाटत होतं, आपण फार सावकाश शिकतोय! दिवसांच्या हिशेबाने ते खरंही होतं. परीक्षेच्या आधी रात्रभर जागणाऱ्या मुलाला आपण भरपूर केलं असं वाटतं आणि रोज थोडं करणाऱ्याला उगाच अपराधी वाटतं, त्याची मुळं इथेच सापडतात. मनाला वाटतं त्यावर जाऊ नये.

ही वाटणी घरी बसवायला फार अवघड नाही. आज शिकलेलं उद्या एकदा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने कोऱ्या कागदावर काढून पाहायचं. प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी वेळ लागतो, चौथ्या खेपेला तर पाच मिनिटंही पुरतात. छोट्या-छोट्या तुकड्यांसाठी, म्हणजे सनावळ्या, संज्ञा, रासायनिक सूत्रं, शब्दार्थ यांसाठी चिठ्ठ्यांचा डबा करावा. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ च्या आपल्या पुस्तकात ही युक्ती लोकप्रिय केली. आपल्या घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच. त्यांचे कोरे भाग कापून चिठ्ठ्या कराव्यात, एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर. तीन डबे घ्यावेत. पहिल्यातल्या चिठ्ठ्या रोज काढायच्या, दुसऱ्यातल्या तीन दिवसांनी, तिसऱ्यातल्या आठवड्याने. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या डब्यात, चुकलं की थेट पहिल्यात. भूमितीची प्रमेयं आणि निबंध मात्र चिठ्ठीत मावत नाहीत, तिथे हा खटाटोप करू नये.

गणिताची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे नीट पाहायला हवं, कारण ‘घरी सगळी गणितं सुटतात, पेपरात सुटत नाहीत’ ही तक्रार गणिताइतकी दुसऱ्या कुठल्याच विषयात ऐकू येत नाही.

खालची तीन गणितं वाचा.

एका आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा ४ मीटरने जास्त आहे आणि क्षेत्रफळ ९६ चौरस मीटर आहे, तर रुंदी किती?

दोन पेन आणि तीन वह्यांना ११० रुपये पडतात, तीन पेन आणि दोन वह्यांना ९० रुपये, तर एका वहीची किंमत किती?

पहिल्या महिन्यात २०० रुपये आणि मग दर महिन्याला आधीपेक्षा ५० रुपये जास्त बाजूला टाकले, तर वर्षाची बचत किती?

तिन्ही दहावीच्या गणित भाग १ मध्ये सहज शोभतील. पहिलं वर्गसमीकरणाचं, दुसरं दोन चलांतील रेषीय समीकरणांचं, तिसरं अंकगणिती श्रेढीचं. उत्तरं अनुक्रमे ८ मीटर, ३० रुपये आणि ५,७०० रुपये. पण ही तिन्ही शेजारी शेजारी आली की प्रत्येकाला आधी एक निर्णय घ्यावा लागतो: इथे कोणती रीत लावायची? सरावसंच सोडवताना हा निर्णय मुलाला कधीच घ्यावा लागत नाही. वर्गसमीकरणांच्या प्रकरणातलं शाब्दिक उदाहरण वाचण्याआधीच त्याला ठाऊक असतं की यातून वर्गसमीकरणच निघणार. पहिली दोन उदाहरणं सोडवली की उरलेली दहा हात आपोआप सोडवतो. रीत वापरण्याचा सराव दहादा होतो, रीत ओळखण्याचा एकदाही नाही. आणि पेपरात तर सगळी प्रकरणं सरमिसळ येतात.

२००७ साली रोरर आणि टेलर या संशोधकांनी हेच तपासलं. विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची गणितं ओळीने सोडवली, दुसऱ्याला तीच गणितं पिसून दिली. सराव चालू असताना ओळीने सोडवणारे ८९ टक्के बरोबर होते, सरमिसळ सोडवणारे अवघे ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तर ओळीने सोडवणारे २० टक्क्यांवर आले आणि सरमिसळवाले ६३ टक्क्यांवर राहिले. सरावाच्या वेळी जास्त चुकणारी मुलं परीक्षेत तिप्पट सरस ठरली.

तेव्हा नवं प्रकरण शिकताना पहिली चार-सहा उदाहरणं एकाच पठडीतली सोडवावीत, रीत हातात बसायला तेवढी लागतातच. त्यानंतर सरावसंचातली उरलेली उदाहरणं लगेच संपवू नयेत. ती राखून ठेवावीत आणि पुढच्या पंधरवड्यात मागच्या दोन-तीन प्रकरणांबरोबर मिसळून सोडवावीत. बालभारतीच्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ‘संकीर्ण प्रश्नसंग्रह’ असतो. वेगवेगळ्या प्रकरणांच्या संकीर्णमधलं एकेक उदाहरण उचललं की मिश्र संच तयार. पैसे पडत नाहीत. उदाहरण सोडवायला वेळ नसेल तर नुसती रीत कोणती एवढंच ओळखून बाजूला लिहावं, दहा मिनिटांत वीस उदाहरणं होतात. गणितासाठी मुलांना मी एकच सवय सुचवू शकत असेन तर हीच सुचवीन.

गृहपाठाचंही इथेच बोलून घेऊ. शाळेचा, क्लासचा, शिवाय जर्नल आणि प्रकल्प असा गृहपाठाचा ढीग साचतो आणि तो संपवणं हेच ध्येय होऊन बसतं. ग्रुपवर कोणीतरी वहीचा फोटो टाकतं, बाकीचे उतरवतात. वही पूर्ण, सही मिळाली, डोकं रिकामं. गृहपाठ टाळता येत नाही हे मान्य. पण करायचाच आहे तर क्रम उलटा करता येतो. प्रश्न वाचला की पहिलं उत्तर पुस्तक आणि गाइड मिटून, कच्च्या कागदावर दोन-तीन ओळींत लिहावं. मग पुस्तकाशी पडताळावं आणि मग वहीत उतरवावं. गाइडशी माझं वैर नाही. उत्तर तपासायला गाइड चांगलं असतं. उत्तर शोधण्याआधी ते उघडलं तर मात्र आठवण्याची सगळी मेहनत ते आयती करून देतं आणि मुलाच्या पदरी फक्त हस्ताक्षराचा सराव उरतो.

वहीच्या शेवटच्या पानावर चुकांची नोंद ठेवावी. गणित चुकलं की नुसतं बरोबर करून सोडू नये, कशामुळे चुकलं ते चार शब्दांत लिहावं: चिन्ह चुकलं, एकक बदललं नाही, प्रश्नच नीट वाचला नाही, रीतच माहीत नव्हती. महिनाभरात लक्षात येतं की बऱ्याच चुका दोन-तीनच जातींच्या असतात. प्रिलिमच्या आधी वाचायला याहून चांगलं पान नाही.

अभ्यास किती वेळ करावा, याला एकच उत्तर नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या हॅरिस कूपर यांनी गृहपाठावरचं संशोधन एकत्र केलं, आणि तिकडे इयत्तेला दहा मिनिटं असा एक ढोबळ आडाखा प्रचलित आहे. त्या हिशेबाने नववीला दीड तास, दहावीला शंभर मिनिटं. आपल्याकडचा अभ्यासक्रम आणि बोर्डाचं दडपण पाहता दहावीला याहून थोडा जास्त लागेल. पण शाळा आणि क्लास करून आलेल्या मुलाकडून रोज आणखी चार तासांची अपेक्षा करणारे फसतात. चार तासांतले अडीच तास तो नुसता बसून असतो. अर्धा-पाऊण तास एकाग्र काम, मग पाच-दहा मिनिटं उठून पाणी, गॅलरी, दोन फेऱ्या, आणि पुन्हा अर्धा-पाऊण तास, हे पुरे. मधल्या सुट्टीत मोबाइल घेऊ नये. पाच मिनिटांचा व्हिडिओ पाच मिनिटांवर थांबत नाही. थांबला तरी परत धड्यात शिरताना डोकं अर्धं तिकडेच असतं. मोबाइल उपडा ठेवून भागत नाही, तो दुसऱ्या खोलीत, आईच्या पर्समध्ये, कपाटावर, कुठेही पण हाताला न लागेल असा असावा.

दुसरी खोलीच नसेल तर? महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांचा प्रश्न हाच आहे. वरळीत बीडीडी चाळींच्या परिसरात एका रस्त्याला लोक ‘अभ्यास गल्ली’ म्हणतात, कारण चाळीतल्या छोट्या खोलीत जागा न मिळालेल्या मुलांच्या पिढ्या तिथल्या पदपथावर, रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून शिकल्या. गावोगावी नगरपालिकांच्या आणि मंडळांच्या अभ्यासिका आहेत. काही शाळा संध्याकाळी एखादा वर्ग उघडा ठेवतात. तेही नसेल तर घरात निदान जागा आणि वेळ ठरलेली असावी, मग ती देवघराशेजारची चटई का असेना. रोज त्याच वेळी त्याच चटईवर बसलं की ‘बस रे अभ्यासाला’ हे सांगण्यातली अर्धी शक्ती वाचते.

झोपेबद्दल मात्र तडजोड नको. अमेरिकेतल्या निद्राविज्ञानाच्या तज्ज्ञ संस्थेने २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी रोज ८ ते १० तास झोप सांगितली आहे. दिवसा शिकलेलं डोक्यात पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. त्यामुळे झोप तोडून केलेला अभ्यास हा आधीच्या अभ्यासातूनच कापून घेतलेला असतो. वयात येताना झोप येण्याची वेळही निसर्गतःच पुढे सरकते. नववीतली मुलगी रात्री साडेदहापर्यंत टक्क जागी असते तो सगळाच मोबाइलचा आणि आळसाचा दोष नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तो मुलांच्या अपुऱ्या झोपेचं कारण देऊनच. माध्यमिकच्या मुलांची मात्र सकाळच्या सत्राची पहिली घंटा अजून सातच्या सुमाराला होते. त्यासाठी सहाला उठायचं तर दहाला अंथरुणावर असायला हवं. क्लास साडेआठला सुटत असेल तर जेवण वजा जाता हातात तासभरच उरतो. अशा घरात काहीतरी कमी करावं लागेल, आणि ते झोप सोडून दुसरं काहीतरी असावं. दोन क्लासपैकी एक बंद केला तर आकाश कोसळत नाही.

आईवडिलांचा यात वाटा किती? बराच, पण तो शिकवण्याचा नाही. ‘झाला का अभ्यास?’ या प्रश्नाला जगातला प्रत्येक मुलगा ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी पोळ्या लाटता लाटता विचारावं, ‘आज विज्ञानात काय झालं गं? मला सांग की जरा.’ तिने सांगितलं की मध्येच ‘असं का होतं?’ एवढंच विचारावं. आईला अपवर्तनांक माहीत नसला तर उत्तमच, मग मुलीला तो खरोखर समजावून सांगावा लागतो. सांगताना ती जिथे अडखळते तिथे तिचं तिलाच कळतं. अडखळली म्हणून बोलायचं मात्र नाही. एकदा बोलणी बसली की दुसऱ्या दिवसापासून उत्तर येतं, ‘काही नाही झालं आज.’

हे सगळं एकदम सुरू करायला जाऊ नका. वेळापत्रक रंगीत पेनांनी आखून भिंतीवर चिकटवलं की ते सहसा आठवडाभरच टिकतं. आज रात्री एकच करा. आज वर्गात झालेला कुठलाही एक धडा घ्या, पुस्तक दप्तरात टाका आणि कोऱ्या कागदावर दहा मिनिटं लिहून बघा. निम्मंही आठवलं नाही तर घाबरू नका, बहुतेकांना पहिल्यांदा तेवढंच आठवतं. तो कागद फेकू नका, तारीख टाकून ठेवा आणि पुढच्या आठवड्यात तोच धडा पुन्हा लिहा.